योहानाबाईंच्या आईचं नाव

नागपूरच्या विमानतळावर आई काचेच्या दारापर्यंत आली. पुढे तिला सोडणार नव्हते. ती सरकारी दवाखान्यात नर्स. ड्यूटी संपवून तशीच पांढऱ्या साडीत आलेली. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "तिकडे लय थंडी असते म्हणतात. बोटं सांभाळजो वं." एवढंच. दादा ट्रॉली ढकलत होता, माझा नवरा प्रशांत पासपोर्ट पुन्हा पुन्हा चाचपत होता, आणि मी मागे वळून पाहीपर्यंत ती गर्दीत दिसेनाशी झाली होती.

बोटं, कारण मी पियानो वाजवायचे. आमच्या इंदोरा वस्तीतल्या मुलीनं पियानो शिकावा हे गल्लीत कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. मिशनच्या शाळेत एक पियानो होता आणि शिकवणाऱ्या मिस होत्या. कुणी काही म्हटलं की आई म्हणायची, "आवडते तिले, शिकू द्या." पुढे मी त्याच शाळेत शिकवू लागले. मग लग्न, प्रशांतची आयटीतली नोकरी आणि अमेरिकेतलं हे नेपरव्हिल.

इथे डिपेंडंट व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती. प्रशांत ट्रेननं शिकागोला, आमची अन्वी स्कूल बसनं शाळेत, आणि मी खिडकीशी बर्फ बघत. एकदा जवळच्या जुन्या चर्चमधून पियानो ऐकू आला आणि मी न विचारता आत शिरले. हेलन वाजवत होत्या, सत्तरी उलटलेल्या. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि रोज यायला सांगितलं. योहानाबाईंबद्दल मला त्यांनीच सांगितलं.

योहानाबाई एकोणिसाव्या शतकातल्या. जर्मनीत त्या मोठ्या सभागृहांतून वाजवायच्या. नवऱ्यामागून जहाजानं इथे आल्या तेव्हा सगळी शेतं होती. पियानो मिळायलाच कित्येक वर्षं गेली. मग त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवायला घेतलं. धारा काढून, थंडीनं भेगाळलेले हात घेऊन पोरं यायची. बाई आधी ते हात कोमट पाण्यात बुडवून ठेवायला लावायच्या आणि मगच पियानोला लावू द्यायच्या. हेलनची पणजी त्यांतलीच एक. दर हिवाळ्यात बाईंच्या आठवणीत चर्चमध्ये छोटी मैफल होते. "या वर्षी तू वाजव," हेलन म्हणाल्या.

मी हो म्हटलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रशांतचा लेऑफ झाला. इथे राहता यावं म्हणून आम्ही नवा अर्ज भरला, आणि तो अडकलेला असतानाच दादाचा फोन आला. आई आयसीयूत होती.

वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, "आत्ता देशाबाहेर गेलात तर अर्ज सोडून दिला असं धरतील. परत कधी येता येईल, सांगता येत नाही." प्रशांत म्हणाला, "तू जा यार, पुढचं पुढे बघू." मी बॅगही काढली. पण आईनंच दादाकडून फोन लावून घेतला. धाप लागत होती तिला. "पोरीले टाकून येऊ नको. मी काय कुठं पळून चालली?"

आणि ती गेली. तिला नेण्याआधी दादानं व्हिडिओ कॉल लावून फोन धरला होता, म्हणून मी पाहिलं. घरची माणसं पांढऱ्या कपड्यांत बसून त्रिसरण म्हणत होती. मीही इथे किचनमध्ये उभी राहून म्हणत होते, पण माझा आवाज त्यांच्या मागे पडत होता. मग फोनची बॅटरी संपली.

हेलनना सांगितलं तेव्हा त्यांनी पियानोचं झाकण मिटलं. मग म्हणाल्या, "बाईंची आई पानगळीत वारली. बातमी इथे पोचली वसंतात." म्हणजे मधला अख्खा हिवाळा बाईंसाठी त्यांची आई जिवंत होती. मला त्यांचा हेवा वाटला. इतका, की लाज वाटली नाही.

"काय नाव होतं त्यांच्या आईचं?" मी विचारलं.

हेलनना माहीत नव्हतं. चर्चमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

मैफलीला बर्फातूनही माणसं आली. मी पियानोपाशी बसले, पण हात उचलेनात. शेवटी मी उठून इंग्रजीत म्हटलं, की हे योहानाबाईंसाठी आणि त्यांच्या आईसाठी, जिचं नाव आपल्याला माहीत नाही. "आणि माझ्या आईसाठी. तिचं नाव शकुंतला." मग वाजवलं. मधे दोनदा अडखळले, एका जागी चक्क थांबले. थांबले तिथूनच पुन्हा सुरू केलं आणि संपवलं. बरं वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. घरी येताना कारमध्ये अन्वी म्हणाली, "आय डिडन्ट नो आजी हॅड अ नेम." प्रशांतनं गाडी बाजूला घेतली, कारण तोही रडत होता.

पुढे त्याला नोकरी लागली, कागद झाले. आता मी नागपूरला येऊ शकते. दादा, हे आता तुलाच सांगते: तू दर रविवारी फोनवर विचारतोस, "घरी कधी येतेस?" आणि मी सुट्ट्यांचं काहीतरी सांगते. खरं सांगू? तिकीट काढायला बसते आणि लॅपटॉप मिटून टाकते. इंदोऱ्यात आईच्या घराला तू कुलूप लावलंस, किल्ली शेजारच्या मावशींकडे ठेवलीस. मी येईन, किल्ली मागेन, कुलूप काढेन. पाहुणे येतात तसं.

इथे दुपारी अन्वीची बस वळणावर येते तेव्हा मी दारात उभी असते. ती वर न बघताच आत शिरते, बूट भिरकावते, खायला मागते. ते तिचं घर आहे, कारण दारात मी आहे. माझ्यासाठी आता दारात कुणी नाही. तिकडेही नाही आणि इथेही नाही.