समईशेजारचा रिमोट

परवा याच ग्रुपवर मी एका एसी मेकॅनिकला फसवा म्हणाले होते. ते शब्द आज परत घेते.

आमच्याकडे, इथे उत्तरेत, थंडीत एसीच हीटरचं काम करतो. पण रोज संध्याकाळी तो पाच मिनिटं गरम हवा देऊन बंद पडायचा. सासूबाई शाल गुंडाळून बसायच्या आणि मी त्या मेकॅनिकला, झिरकपूरच्या हरजीतजींना, फोनवर बोल लावायचे.

आज ते भर धुक्यात तिसऱ्यांदा आले. मी दारातच सुनावलं, "इस बार बहाने नहीं चाहिए जी."

त्यांनी एसी उघडलाच नाही. विचारलं, "मॅडम, रिमोट कहाँ रखते हो?"

हॉलमधल्या देवघरात, समईशेजारी. हरवू नये म्हणून मीच ठरवलेली जागा. खोलीचं तापमान मोजणारा सेन्सर या रिमोटमध्येच असतो, हे त्यांनी सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. दिवेलागणीला मी समई लावायचे, रिमोट तापायचा आणि खोली गरम झाली असं समजून एसी थांबायचा.

हरजीतजींनी बूट काढले, देवाला हात जोडले आणि रिमोट उचलून टेबलावर ठेवला. "दीया जलने दो जी," एवढंच म्हणाले.

मला धड सॉरीही म्हणता आलं नाही. चहाचं विचारलं, तेही ते जिन्यात पोचल्यावर.

परवाची पोस्ट मी काढून टाकली आहे. पण तिच्याखाली ज्यांनी "बरं झालं सांगितलंत, याला आता बोलावणार नाही" असं लिहिलं होतं, त्यांना विचारते, बोलवाल ना?