बोक्याचं फडकं

चाकणच्या आमच्या उंदीरखान्यात कामाचा वार एकच, गुरुवार. एरवी शेजारच्या शेडमधला पॉवर प्रेस धडाड् धडाड् चालतो, जमीन हादरते, आणि ज्यांचं वागणं बघायचं ते उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसतात. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. तेवढाच दिवस उंदीर उंदरासारखे वागतात.

जागा सामायिक. वेगवेगळ्या संस्था आपापले जनुक बदललेले उंदीर इथे आणतात आणि चाचणीची खोली आळीपाळीने वापरतात. सध्या गुरुवारांची पाळी माझी होती. उंदीर म्हातारे व्हायच्या आत त्यांची परीक्षा उरकायची होती, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. तेवढ्यात दुसऱ्या संस्थेतले एक सर उगवले. खोलीची वाटणी करणाऱ्या मॅडमना त्यांनी गोड बोलून गुंडाळलं आणि माझी सकाळ घेतली. मला उरली दुपार.

"राव, तुम्ही तरुण माणूस, तुम्ही कसंही जमवाल," असं वर माझ्याच डब्यातली भाकरी मोडत म्हणाले.

भाकरी गिळेपर्यंत माझं ठरलं होतं. याला सोडायचं नाही.

आमच्याकडे अत्तर, सुगंधी तेल लावून यायला बंदी आहे. उंदराचं सगळं जग नाकात. रावेतला माझ्या शेजारच्या काकूंकडे बोका आहे. मी काकूंकडे गेलो.

"काकू, बोका झोपतो ते फडकं द्या. धुऊन आणतो."

"तुम्ही? तुम्हाला तर तो दारात आला तरी शिंका येतात!"

"म्हणून तर सवय करतोय."

गुरुवारी सगळ्यांच्या आधी पोचलो आणि फडकं खोलीतल्या चाचणीपेटीच्या तळाखाली सरकवलं. आता याचे उंदीर थिजणार आणि हा गाशा गुंडाळणार, म्हणून खूश होतो.

त्याच्यावर एवढा दात धरला, पण त्याचं काम नेमकं काय आहे हे मी कधी विचारलंच नव्हतं. सरांनी अर्ध्या उंदरांमधलं भीतीशी जोडलेलं एक जनुक काढून टाकलं होतं. पंचाईत अशी, की आधीच्या गुरुवारी साधे आणि बदललेले दोघेही त्या पेटीत सारखेच वागत. सर कंटाळून परत जायच्या बेतात होते. त्या दिवशी साधे उंदीर दगड झाले. बदललेले मात्र जावयासारखे ऐटीत फिरत होते.

सर बाहेर आले ते मला मिठी मारतच. "फरक दिसला राव, फरक!" मला शिंकांवर शिंका. "सर्दी दिसतेय. जपा," म्हणाले, आणि पेढा भरवला.

दुपारी मी फडकं काढलं, पेटी स्पिरिटने पुसली, माझे उंदीर सोडले. पण माझे हात, माझा शर्ट, सगळा बोकाच. बिचारे मला बघून जे गोठले, ते हललेच नाहीत.

एकदा दिसलं ते पुन्हा दाखवायला हवं, म्हणून सरांनी मॅडमकडून माझी दुपारही मागून घेतली. आता दर गुरुवारी ते करून बघतात आणि दर गुरुवारी तसं काही घडत नाही.

"त्या दिवशी जमलं होतं हो! खोलीत काय बदललं?" मला विचारतात. मॅडमही विचारतात, "तुम्हाला काही सुचतंय का?"

"मला काय कळतंय, मॅडम?"

एक शब्द बोललो तर सरांचं काम होईल, ते जातील, गुरुवार माझा होईल. माझ्या उंदरांची परीक्षा वेळेत उरकेल. सगळं कळतं. पण नवरा मेला तरी चालेल, सवत रंडकी झाली पाहिजे, ही म्हण ज्याने काढली तो माझाच कुणी पूर्वज असणार.

शुक्रवारी प्रेसच्या दणक्यात मी माझ्या उंदरांसमोर बसतो. त्यांची चाल जड झालीय, केस विरळ झालेत. गुरुवारी तर माझं काही काम नसतं, तरी चाकणला येतो. दाराच्या काचेतून बघतो. सर गुडघ्यांवर बसून पेटीचे कोपरे तपासत असतात.

फडकं मी काकूंना परत दिलंय. गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून.