मिथेनच्या मापात माझा श्वास

"तू बाहेर थांब. तुझ्या श्वासानं आलेख बिघडतो."

जळगावच्या प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात गाईड सर मला हे म्हणाले. आडनाव विचारून झालं होतं. दोंडाईच्यात घर कुठल्या बाजूला, तेही विचारून झालं होतं. मग हे.

श्वासाचं तसं खरं आहे. शनीच्या एका चंद्रावरच्या हवेत मिथेन आहे. तसं मिश्रण नळीत भरायचं, त्यातून अवरक्त किरण सोडायचे, वायू कुठले किरण शोषतो ते मोजायचं. मशीनपाशी श्वास सोडला की त्यातला कार्बन डायऑक्साइडही किरण शोषतो. आलेखात नको तिथे खड्डा पडतो. पण श्वास काय मी एकटीच घेत होते? सरांचे बाकीचे तिघं विद्यार्थी आतच बसायचे. चहासुद्धा आत.

नळी मी धुवायची, मी भरायची. मोजायचे ते. मी दाराच्या काचेतून बघायची. एकही माप स्वतःच्या हातानं घेतलं नाही, तर हा प्रबंध माझा कसा?

आई फोनवर विचारायची, "मशीनवर तूच बसस ना वं?" मला रडू फुटायचं. ती आयुष्यभर लोकांच्या ओट्याखाली उभी राहिली होती.

धुळ्याहून तज्ज्ञ आमचं काम तपासायला येणार, त्या सकाळी आलेखात भलामोठा खड्डा आला. मशीनचं झाकण उघडं टाकून तिघं त्यावर वाकून गप्पा हाणत होते. मी काचेतून बघत होते. सरांनी मला आत बोलावलं आणि त्या तिघांना म्हणाले, "हिला जवळ येऊ देऊ नका, सांगितलं होतं ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"सर, मी बाहेर होते."

एकानं चहाचा कप मागे सरकवला.

"उलट बोलतेस? चल, बाहेर हो."

"श्वासासाठी जायचं तर सगळेच जाऊ."

मी स्टूल ओढलं. बसले. झाकण लावलं, नायट्रोजन सोडला, आतली हवा निघून जाईपर्यंत थांबले. सर माझं संशोधन बंद करण्याची धमकी देत होते. मी बटण दाबलं. माझं पहिलं माप.

गाईड अजून तेच आहेत. विद्यापीठात तक्रार दिली आहे, उत्तर नाही. मी रोज सगळ्यांच्या आधी येते आणि त्याच स्टुलावर बसते. उठवायचं असेल तर खरं कारण तोंडानं सांगून उठवा, सगळ्यांसमोर. श्वासाचं नाव घेऊ नका.