मोहाडीच्या चौकातली ‘आधी’

कार्तिक सरता सरता आमच्याकडच्या वाऱ्याला कापलेल्या धानाचा वास असतो. ओलसर, गोडसर, बांधीतल्या चिखलाची आठवण ठेवणारा. त्या वर्षी माहेरी जाताना मोहाडीच्या चौकात बसमधून उतरले, तर त्या वासावर नव्याकोऱ्या फ्लेक्सच्या शाईचा उग्र दर्प चढून बसला होता. मान वर केली. सकाळच्या कोवळ्या उन्हात माझ्या भावाची मुलगी प्रणाली माझ्याकडे पाहत होती, आणि एकदा नव्हे, दोनदा. एका चेहऱ्याखाली लिहिलं होतं ‘आधी’, दुसऱ्याखाली ‘नंतर’. वर एका ब्युटी पार्लरचं नाव.

ती ‘नंतर’ची मुलगी कोण होती, देव जाणे! मैदा थापावा तशी गोरीपान, नाक चिमटीत धरून ओढलेलं, हनुवटीवरचा तीळ आणि कपाळावरचा कांजिण्यांचा वण पार पुसून टाकलेला. पण माझ्या अंगाची लाही लाही झाली ती ‘आधी’ पाहून. तो चेहरा तरी खरा ठेवावा की नाही? तोही कॉम्प्युटरवर काळवंडून, डोळ्यांखाली काजळी सारवून, मुद्दाम केविलवाणा केलेला. म्हणजे सौंदर्य खोटं ते खोटंच, वर कुरूपताही खोटी!

आंधळगावला घरी पोहोचले, तर प्रणालीचं कॉलेज बंद. चुलत बहिणीच्या लग्नात मेकअपला आलेल्या पार्लरवालीनं ‘असाच काढून ठेवते’ म्हणत तिचा फोटो घेतला होता. पुढे त्याचं काय करणार, हे सांगण्याची तसदी कोण घेतो? आता चौकातली टवाळ पोरं तिला पाहिलं की ओरडत, ‘‘आली रे, आधी आली!’’ एका साध्या क्रियाविशेषणाची त्यांनी शिवी करून टाकली होती. सुरुवातीला ती डोळ्यांपुरती फट ठेवून स्कार्फ बांधून गेली, मग जाणंच सोडलं. आणि परीक्षा तर तोंडावर आलेली.

दुसऱ्या दिवशी मी तडक पार्लर गाठलं. बाईंनी खुर्ची पुढे केली, गोड हसल्या.

‘‘कायले एवढ्या तापून राहिल्या, ताई? पोरगी फेमस झाली ना! अन् आमी का तिच्या तोंडाले हात लावला? सारं कम्प्युटरनंच तर केलं.’’

वा रे वा! चोर तो चोर, वर शिरजोर. म्हणजे माझ्या भाचीच्या गालाला त्या दुकानातलं बोटभर क्रीमही लागलेलं नव्हतं, आणि बाजाराला आलेल्या साऱ्या बायांनी मात्र तो फलक पाहून आपापल्या सावळ्या गालांवरून खंतावत हात फिरवायचा! मी तिथंच, गिऱ्हाइकांच्या देखत, हे सगळं मोठ्यानं बोलले. पोलिसांचं नाव काढलं, तेव्हा कुठं बाईंचं हसू मावळलं. दुपारपर्यंत फ्लेक्स उतरला.

मोठ्या फुशारकीनं घरी परतले. ओसरीवर कलतं ऊन आलं होतं आणि वहिनी सुपात तांदूळ निवडत बसली होती. माझी शौर्यकथा तिनं शांतपणे ऐकून घेतली आणि मग आवाज खाली घेत म्हणाली, ‘‘बरं केलं, बाई. पन तो दुसरा वाला फोटो भेटन का? बायोडाट्याले लावून देऊ.’’

मी भडकले. आई आहेस की कोण, इथपर्यंत बोलले. तिनं सूप खाली ठेवलं.

‘‘तुमाले रागवाले काय जाते? मले पोरगी उजवाची हाये. लोक फोटो पाहूनच नाई म्हनून राहिले.’’

प्रणाली दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

‘‘लाव ना आई तो फोटो,’’ ती म्हणाली. ‘‘पन मग मांडवात बी तिलेच बसव.’’

वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. पार्लरवालीशी मला कडाकडा भांडता आलं होतं. तिथला खोटेपणा भर चौकात नावानिशी टांगलेला होता. पण लेकीच्या काळजीनं आतून पोखरलेल्या या बाईला मी काय सुनावणार? तिच्या पाठीमागे उभी असलेली, घरबसल्या नुसता फोटो पाहून नकार कळवणारी ती सारी माणसं मला दिसत नव्हती. आणि माझा राग नेमका कोणाच्या दारात नेऊन टाकावा, हे मला आजही कळलेलं नाही.