पहिल्या वर्षश्राद्धाची रजा

बारा जानेवारी, सोमवार. रजा सहा दिवस, ईस्टरच्या सुट्ट्या चार, पुढचे शनिवार-रविवार दोन. एकूण बारा दिवस. हजर आम्ही दोघंच: मी आणि जर्मनीतल्या आमच्या कारखान्याचे विभागप्रमुख. तिथं वर्षभराच्या रजा जानेवारीतच लिहून द्याव्या लागतात. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: वडिलांचं पहिलं वर्षश्राद्ध, चार एप्रिल. चार एप्रिल ईस्टरच्या सुट्टीत पडत होता. सहा दिवसांत बारा मिळाले, याचं मला समाधान वाटलं.

तिथं जाऊन तीन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी मे महिन्यातल्या एका गुरुवारी डबा घेऊन कारखान्यावर गेलो, तर फाटक बंद. त्यांच्या कुठल्याशा सणाची सुट्टी होती, ती मला ठाऊक नव्हती. तेव्हापासून मी त्यांच्या सुट्ट्या पाठ केल्या. आपल्या सणांना कामावर जायचं, त्यांच्या सणांना खोलीत बसायचं. दिवाळी कधी आली हे मला घरच्या फोनवरून कळायचं.

फेब्रुवारीत आईचा उस्मानपुऱ्यातून फोन आला. गुरुजींना विचारलं होतं, श्राद्ध पंचवीस मार्चला येतं, तू कधी निघतोस, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, बाबा तर चार एप्रिलला गेले. त्यावर ती म्हणाली,

"बापाचं श्राद्ध तू तारखेवर धरलंस व्हय?"

चैत्र शुद्ध सप्तमी. गेल्या वर्षी ती चार एप्रिलला होती, यंदा दहा दिवस आधी. घरातला थोरला मी. श्राद्ध तिथीवर धरायचं, हे शाळेत असल्यापासून मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांकडे गेलो. माझ्याच अक्षरातला चार एप्रिल त्यांच्यापुढं होता. आमच्याकडं हा दिवस चंद्रावर ठरतो, असं सांगताना मला खोटं बोलल्यासारखं वाटत होतं. ते म्हणाले, "आमचा ईस्टरही चंद्रावरच ठरतो. मला समजतं. पण त्या आठवड्यात दोघं आधीच रजेवर आहेत." त्यांचं काही चुकलं नव्हतं.

पंचवीस मार्चला घरी अकरा वाजता विधी सुरू झाला, तेव्हा तिथं सकाळचे साडेसहा होते. कपडे बदलायच्या खोलीत उभा राहून मी मोबाइलवर बघत होतो. बाबांच्या फोटोसमोर धाकटा भाऊ बसला होता. सात वाजता पाळी. सहा पंचावन्नला फोन कपाटात ठेवावा लागला; पिंडांपर्यंत विधी पोचलाच नव्हता.

ठरल्या तिकिटावर तीन एप्रिलला घरी पोचलो. चार तारखेला गुरुजींकडे जाऊन विचारलं, आज काही करता येईल का. ते म्हणाले, झालं ते झालं, आता आईजवळ बसा. घरी येऊन बसलो. आईनं पोळी वाढली, कामाचं विचारलं, श्राद्धाबद्दल एक शब्द काढला नाही. भाऊ मात्र म्हणाला, "दादा, हिशोब तुझा बरोबर होता. बाबा तारीख बघून गेले नाय, एवढंच."

मी त्याला त्या दिवसाचा खर्च विचारला. गुरुजी, सामान, जेवण धरून नऊ हजार चारशे. निम्मे, चार हजार सातशे, मी त्याच्यापुढं धरले. तो नको म्हणेल, असं मला वाटलं होतं. त्यानं मोजून घेतले.