पयलं कार्ड

बाराला लाईट जाणार होती. त्या वर्षांत भारनियमन रोजचंच, आणि ती परत यायच्या आत आम्ही मिरजेच्या दवाखान्यात जायला निघणार होतो. त्याआधी आबांचा आवाज कॉम्प्युटरात घ्यायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढावं लागेल, नंतर बोलता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आबा 'बरं' म्हणाले आणि घरी येऊन भाकरी कुस्करून जेवले. रडलो ती आई आणि मीच.

आबा, म्हणजे माझे वडील, दिवसा कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीत कामाला आणि संध्याकाळी गायन पार्टीत. जयंतीला आमच्या मंगळवार पेठेत ते गायला उभे राहिले की माईकवाला स्वतःहून माईक लांब सरकवायचा. आता तो आवाज खरवडल्यासारखा झाला होता, पण होता त्यांचाच. जुनी एक कॅसेट होती, तिच्यात सगळी ढोलकीच ऐकू यायची.

माझ्या मोबाइलात रेकॉर्डिंग नव्हतं. घरात होता तो टीव्हीला जोडलेला, जेवणाच्या डब्याएवढा कॉम्प्युटर. पुण्याच्या आत्येभावानं त्यात लिनक्स घालून दिलं होतं, गाणी ऐकायला आणि सिनेमे बघायला. पण त्याला माईक लावायला भोकच नव्हतं. म्हणून राजारामपुरीतून यूएसबीचं साऊंड कार्ड आणलं, अंगठ्याएवढं. दुकानदार म्हणाला, "लावा की ताई बिनधास्त, आपोआप चालतंय."

आपोआप! डोंबल त्याचं!

कार्ड लावलं, माईक जोडला, रेकॉर्डिंग चालू केलं, "हॅलो हॅलो" म्हटलं. परत वाजवून बघितलं तर नुसती शांतता. कॉम्प्युटर अजून आपल्या पोटातल्या जुन्या कार्डालाच धरून बसला होता. पुण्याला फोन लावला.

"पयलं कार्ड बंद कर, म्हंजे ते मधी येणार न्हाई," आत्येभाऊ म्हणाला. "त्याच्या ड्रायव्हरचं नाव बंदीच्या फाईलीत लिही आणि मशीन परत चालू कर. मी मीटिंगला चाललोय." झालं, फोन बंद.

मी कार्डांची यादी काढली. एकावर नंबर शून्य, दुसऱ्यावर नंबर एक. पयलं म्हणजे एक, शेंबडं पोर पण सांगेल. एक नंबरच्या ड्रायव्हरचं, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, नाव बंदीच्या फाईलीत लिहिलं; त्यात नाव असलं की मशीन तो प्रोग्रॅम चालूच करत नाही. त्या नावात यूएसबी अशी अक्षरं ढळढळीत दिसत होती, पण घाईत माणूस आंधळा होतो.

मशीन चालू झालं आणि नवं कार्ड यादीतूनच गायब. मी ते काढलं, परत लावलं, दुसऱ्या भोकात घातलं. काही नाही. पुण्याला फोन लावला तर तो कट करत होता.

"काय झालं ग?" पलंगावरून आबांनी विचारलं.

"काय न्हाई. तुम्ही बोलू नका, घसा राखून ठेवा."

"राखून आता कुणासाठी ठेवू?"

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "साडेअकरा वाजलं ग." "मला घड्याळ कळतंय!" असं मी तिच्यावर खेकसले. बिचारी पोळ्या लाटत राहिली. माझा राग तिच्यावर नव्हताच, त्या डबड्यावर होता, उद्याच्या दिवसावर होता.

शेवटी पुण्याहून फोन आला.

"गेलं की रे तुझं कार्ड!"

"कुठलं बंद केलंस?"

"एक नंबर. पयलं."

"अगं ए म्हशी! पयलं म्हंजे आदीचं! जुनं! आपण म्हणत न्हाई व्हय, आमचं पयलं घर तिकडं हुतं म्हणून? आणि कॉम्प्युटर शून्यापासनं मोजतोय!"

"मग आदीचं म्हण की मुडद्या!"

पुण्यात एवढी वर्षं काढली तरी पठ्ठ्याची भाषा कोल्हापूरचीच. दुसरं कुणी असतं तर 'जुनं' म्हणालं असतं आणि दुसरं कुणी ऐकणारं असतं तर दोनदा विचारलं असतं. फाईलीतलं नाव खोडलं, शून्य नंबरचं लिहिलं, मशीन परत चालू केलं. मी माईकवर टिचकी मारली आणि पडद्यावरची हिरवी पट्टी टुणकन उडाली. मी ओरडलेच, "आबा, चला! गाणं म्हणा, जयंतीचं!"

आबा माईकसमोर येऊन बसले आणि त्यांनी मान हलवली. "गाणं म्हणायला पार्टीत माणसं हायत की. तुमाला हाक कोण मारणार?"

मग त्यांनी माईकमध्ये हाक मारली, "अगं, ऐकलंस काय?" आई पिठाच्या हातांनी बाहेर आली, "काय पायजे?" म्हणाली आणि माईक दिसल्यावर दारातच खाली बसली. नंतर त्यांनी मला हाक मारली, घरातल्या नावानं, गल्लीच्या टोकावरून मारायचे तशी, शेवटचं अक्षर लांबवून. टोकाला आवाज फाटला. मी फाईल सेव्ह केली, वाजवून बघितली, आणि मग लाईट गेली.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर आबा पाटीवर लिहून बोलायचे, आणि आम्ही दुसऱ्या खोलीत असलो की पाटी घेऊन उठून यायचे. ती फाईल लावायचा धीर मला होत नव्हता.

एका दुपारी मी मोरीत कपडे धूत होते. बाहेरच्या खोलीतून माझ्या नावानं हाक आली, मोठ्यानं, शेवटचं अक्षर लांबवून. "ओ! आले आबा!" म्हणत मी साबणाच्या हातांनी धावत गेले आणि दारात पोचल्यावर ध्यानात आलं. आबा कॉम्प्युटरसमोर बसले होते, बोट अजून माऊसवर. माझा चेहरा बघून ते आवाज न करता हसले, आणि त्यांनी रिकामा कप पुढं केला. चहा पाहिजे होता.