घरात कोणी नसताना घराचा प्रमुख

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या पुरुषांचं एक दिवसाचं शिबिर टी. नरसीपूरला झालं. दुपारच्या जेवणानंतर पाळकांनी सगळ्यांना नदीकाठी झाडाखाली बसवलं आणि सांगितलं की, पुरुष हा आपल्या घराचा याजक असतो. घरातल्या माणसांना घेऊन देवासमोर उभं राहणं हे त्याचं पहिलं काम. नोकरी, पैसा, मान ही सगळी त्यानंतरची. मग त्यांनी प्रत्येकाला उठून आपल्या घरच्यांसाठी मोठ्यानं प्रार्थना करायला सांगितलं. पाळक तरुण आहेत, कन्नडमध्ये बोलतात आणि मनापासून बोलतात. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मी ऐकत राहिलो. कोणाची बायको, कोणाची म्हातारी आई, कोणाची लग्नाची बहीण, कोणाचा दहावीत अडकलेला मुलगा. माझी पाळी आली तेव्हा मी बसल्या जागीच मान हलवली. शेजारच्या माणसानं लगेच स्वतःची प्रार्थना सुरू केली, म्हणजे मधली शांतता कोणाच्या लक्षात येऊ नये. ते लोक भले आहेत.

परतीच्या बसमध्ये मी ठरवून टाकलं की पुरुषमंडळ सोडायचं. रविवारी देवळात जायचं, मागच्या बाकावर बसायचं, घरी यायचं. माझा विश्वास होता तिथेच होता, पण त्याला आता घरात काही काम उरलं नव्हतं. घरात कोणी नसताना घराचा प्रमुख म्हणवून घेण्यात काय अर्थ आहे, हे मला कोणाला विचारताही येत नव्हतं.

मी मूळचा नगरकडचा. म्हैसूरला कॉलेजात इतिहास शिकवायला आलो आणि निवृत्त होऊनही इथेच, विजयनगर वस्तीत, राहिलो. मंडळीत आमचं एकट्याचंच घर मराठी. वर्गात शिकवायला, बाजारात घासाघीस करायला मी कन्नड शिकलो, पण कन्नडमध्ये प्रार्थना मला कधी जमली नाही. खरं तर मराठीतही मी ती फारशी करत नसे. नगरला माझे वडील रोज संध्याकाळी उभे राहून अशा आवाजात प्रार्थना करत की गल्लीतली कुत्री भुंकायची थांबत. मला तो आवाज मिळाला नाही. आमच्या घरी जेवणानंतर बायकोच प्रार्थना करायची. बहिणीच्या मुलांपासून कॉलेजातल्या शिपायाच्या मुलीच्या लग्नापर्यंत सगळे तिच्या प्रार्थनेत असत. मी डोळे मिटून बसायचो आणि शेवटी आमेन म्हणायचो. "तुम्ही आपली पुस्तकं वाचा," ती म्हणायची, "एका घरातून एक अर्ज गेला तरी देवाला पुरतो."

मग तिच्या फुप्फुसांचा आजार वाढला. दोन वाक्यं बोलली तरी धाप लागायची. एका संध्याकाळी तिनं टेबलावर हात ठेवला, थोडी थांबली आणि म्हणाली, "अहो, आज तुम्ही." तिचा आवाज संपला तेव्हा प्रार्थना माझ्या वाट्याला आली. मी घाईघाईनं, चार वाक्यांत उरकायचो. शेवटचं वाक्य रोज एकच असे: हिला रात्रभर नीट श्वास घेऊ दे. ती डोळे उघडून हसायची. म्हणायची, "व्याख्यान तासभर, आणि प्रार्थना एवढीशी." मुलगी पुण्याहून यायची तेव्हा तीही आमच्याबरोबर बसायची आणि आईच्या हसण्यानं तिलाही हसू यायचं.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. तेव्हापासून संध्याकाळी मी पवित्र शास्त्र वाचतो, डोळे मिटतो, उठतो. रिकाम्या घरात मोठ्यानं बोलायला माझी जीभ उचलत नाही.

पुरुषमंडळ सोडण्यात एक अडचण होती. दर महिन्याला एकेकाच्या घरी घरसभा होते आणि त्या महिन्याची सभा माझ्या घरी होती. ती पाळी बायको असतानाच लावलेली होती. मी पाळकांना फोन केला.

"सर, कॉफी नको, काही नको," ते म्हणाले. "आम्ही येतो, गातो, जातो. तुम्ही फक्त शेवटची प्रार्थना करा."

शेवटची प्रार्थना घरच्या पुरुषानं करायची, अशी आमच्याकडची रीत आहे.

"मला कन्नडमध्ये येत नाही," मी म्हणालो.

"मराठीत करा. देवाला येतं मराठी. आम्ही आमेन म्हणू."

मी बरं म्हणालो. ही एक संध्याकाळ पार पाडायची आणि मग त्यांना सांगायचं, असं मी मनाशी म्हटलं.

खुर्च्या कमी पडणार होत्या. शेजारी एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत शिपाई म्हणून आले होते. घरी अजून मराठीच, पण तिच्यात निम्मी कन्नड मिसळलेली. देव्हाऱ्यात देवी, दर शुक्रवारी तिची पूजा. ते मला मेष्ट्रे म्हणतात, म्हणजे मास्तर. माझ्या बायकोला अक्का म्हणायचे.

"मेष्ट्रे, ऊट झालं?" जेवण झालं का हे विचारल्याशिवाय ते दुसरं काही बोलत नाहीत.

"झालं. जरा खुर्च्या हव्या होत्या."

"घ्या की. पण एक परत मिळणार नाही."

"का?"

"तिच्यावर मी बसणार. घरी हिचा गुडघा आणि टीव्ही, दोन्ही एकदम ओरडतात."

खुर्च्या त्यांनी स्वतःच आणल्या आणि दाराजवळच्या एकीवर बसले. मंडळीतले लोक आले, कन्नड गीतं झाली, पाळकांनी वचन वाचलं, त्यावर बोलले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहून डोळे मिटले.

मी उठून खुर्चीची पाठ धरली. दिवसाबद्दल आभार मानले. पाळकांसाठी मागितलं, आलेल्यांच्या घरांसाठी मागितलं, पुण्यातल्या मुलीसाठी आणि जावयासाठी मागितलं. वाटलं होतं त्यापेक्षा बरं चाललं होतं. आवाजाला जुनी पायवाट सापडली होती आणि ती वाट जिथं संपायची तिथंच संपली. मी म्हणालो, "आणि हिला रात्रभर नीट श्वास घेऊ दे."

"आमेन," सगळे पुरुष एका आवाजात म्हणाले.

आमच्या मंडळीत गेलेल्या माणसासाठी मागत नाहीत. त्याच्याबद्दल आभार मानतात; तो प्रभूच्या हातात पोहोचला, त्याला आता आपल्या मागण्याची गरज नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तिच्या दफनाच्या वेळी शोकाकुल नातेवाइकांना मीच हे समजावलं होतं. आता खोलीतल्या सगळ्या विश्वासू पुरुषांनी न समजता त्याच मागण्याला होकार दिला होता. पाळकांनी माझा हात हातात घेतला. "चेन्नागित्तु, सर," म्हणाले. छान झाली. मी सगळ्यांना बेकरीतून आणलेले खारे बन वाढले.

सगळे गेल्यावर शेजारी खुर्च्या एकीत एक घालत राहिले.

"मेष्ट्रे, तुमच्यात गेलेल्यांसाठी मागत नाहीत, अल्ला?" त्यांनी विचारलं. अल्ला म्हणजे नाही का. "अक्कानंच सांगितलं होतं मला. आमच्या आईच्या श्राद्धाला जेवायला आली होती, तेव्हा."

"नाही मागत."

"मला वाटलं, कायदा बदलला."

"कायदा तोच आहे. सवयीनं तोंडातून गेलं. पाळकांना सांगायला हवं."

"बिडी," ते म्हणाले. सोडून द्या. "सुम्मे उगाच कशाला त्या पोराला घोर लावता? आमच्या भटजींचं संस्कृत तरी कुणाला कळतं? आम्हीपण हात जोडून बसतोच."

मला हसू आलं, आणि मग ते चेहऱ्यावर कसं ठेवावं ते कळेना. मी बनांची रिकामी ताटली उचलून आत नेली. बाहेर आलो तेव्हा ते परत खुर्चीवर बसले होते.

"अक्काला आता श्वास लागत नाही," ते म्हणाले. "आमच्या हिला लागतो. गुरुवारी गुडघ्याचं ऑपरेशन आहे. भूल देणार म्हणतात, आणि तिला दमा. भ्यालीय. देवीला बोलून झालंय. तुमच्याकडचंही एक असू द्या."

"मी म्हणेन."

"इथून नको. घरी या. तिच्यासमोर म्हणा. मराठीत आहे, तिला कळेल."

मी पाळक नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. माणूस आपल्या घरापुरता याजक असतो, हेही. दोन्ही गिळून मी "सकाळी येतो" म्हणालो. ते गेल्यावर दार लावून घेतलं. माझं वाक्य चुकीचं होतं आणि ते मागे घ्यावं असं मला वाटत नव्हतं. तिच्यासाठी मागायचं काही उरलेलं नाही, हे मी इतरांना सांगू शकलो होतो. माझ्या तोंडाला मात्र ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी गेलो. वहिनी पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. पाहुणे येणार म्हणून केसांत मोगरा माळला होता. शेजाऱ्यांनी टीव्ही बंद केला. वहिनींनी डोक्यावर पदर घेतला.

"कुठं बघायचं?" त्यांनी विचारलं.

"कुठंही बघा."

"मागं देवीचा फोटो आहे. चालतो ना तुम्हाला?"

"चालतो. तुमचं घर आहे."

मी उभा राहिलो. डॉक्टरांच्या हातांसाठी मागितलं, भूल देणाऱ्यांसाठी मागितलं, वहिनींची भीती जावी म्हणून मागितलं. मग श्वासाशी आलो आणि थांबलो. ते वाक्य मी एकाच माणसासाठी म्हणत आलो होतो. दुसऱ्या कोणासाठी म्हटलं की ते तिचं राहणार नाही, असं वाटून गेलं. वहिनींनी डोळे उघडले असावेत, बांगड्या वाजल्या.

"हं, मेष्ट्रे," शेजारी हळूच म्हणाले. "पुढं."

"वहिनींना रात्रभर नीट श्वास घेऊ दे," मी म्हणालो.

शेवटी काय म्हणायचं हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. आमेन मी एकट्यानंच म्हटलं.

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"झालं."

"उद्या येणार ना? गुरुवारपर्यंत तरी या. हे जप करतात, पण मधेच पेपर वाचतात."

"कन्नडा पेपर," शेजारी म्हणाले. "देवीला चालतो."

घरी आल्यावर मी पाळकांना फोन केला. आदल्या संध्याकाळी मी मराठीत काय मागितलं होतं ते सांगितलं. ते म्हणाले, "सर, आपण यावर भेटून बोलू. पुरुषमंडळात गुरुवारी या, त्यानंतर बसू."

"गुरुवारी जमणार नाही. दवाखान्यात असेन. शेजारच्या वहिनींचं ऑपरेशन आहे," मी म्हणालो. "त्याच्या पुढच्या आठवड्यात येतो."

फोन ठेवला. घरात पुन्हा आवाज उरला नाही. मी एकट्यापुरता भात लावला.